बाळंतपणाला माहेरी येताना: पिंपरी ते जांबोटीपलीकडचं गाव

खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातली कितीतरी तरुण कुटुंबं कामासाठी पुण्यात, पिंपरी-चिंचवडला, गोव्यात नाहीतर बेंगळुरूला राहतात. पहिलं बाळंतपण मात्र माहेरीच व्हायचं असतं. त्यामुळे इथल्या गरोदर बाईचा सगळ्यांत लांबचा प्रवास नेमका शेवटच्या तीन महिन्यांत येतो. खालचं प्रकरण कुणा एका बाईचं नाही. या भागात वारंवार समोर येणाऱ्या अडचणी एकत्र बांधून ते तयार केलं आहे, आणि हिशेब नीट लागावा म्हणून त्यात तारखा व आकडे घातले आहेत.

घरचा बेत

वय २६, पहिलटकरीण. नवरा चाकणच्या कारखान्यात, बिऱ्हाड पिंपरीत. माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीच्या रस्त्याने पुढे जाऊन आत वळल्यावर लागणाऱ्या गावात. डांबरी रस्ता सोडल्यावर शेवटचे तीन किलोमीटर कच्चे, मध्ये एक ओढा. शेवटची पाळी २८ ऑक्टोबरला आलेली, म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख ४ ऑगस्ट.

घरच्यांनी ठरवलेलं असं: नववा लागला की, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, भाड्याची गाडी करायची. रात्री जेवून निघायचं, वाटेत जोतिबाचं दर्शन घ्यायचं आणि सकाळी थेट घर गाठायचं. कळा सुरू झाल्या की जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. सासूबाईंना काळजी रस्त्याच्या धक्क्यांची. आईचं म्हणणं, "गाडीत नुसतं बसायचंच की, त्यात काय होतंय?"

दोघींचंही अर्धं बरोबर होतं. निरोगी गरोदरपणात गाडीच्या नेहमीच्या हादऱ्यांनी गर्भ पडत नाही. बाळ पाण्याच्या पिशवीत असतं, पिशवीभोवती गर्भाशयाचा जाड स्नायू आणि त्याबाहेर ओटीपोटाची हाडं. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. पण त्या आठवड्यात बाई एसटीत बसली असेल तर दोष एसटीवर जातो आणि ती जन्मभर स्वतःला बोल लावत राहते. हे थांबायला हवं.

खरा धोका वेगळ्या चार गोष्टींत आहे: जोराचा ब्रेक किंवा दुचाकीवरून पडणं, तासन्तास पाय लोंबकळत ठेवून बसणं, पाणी न पिणं व लघवी रोखणं, आणि अडचण आलीच तर दवाखाना किती लांब आहे हे. यातली शेवटची गोष्ट आम्ही सगळ्यांत वर ठेवतो. जुलैमध्ये त्या गावातून शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय असलेल्या दवाखान्यात पोचायला किती वेळ लागेल, हा प्रश्न घरच्या बेतात कुठेच नव्हता.

९ मेची तपासणी

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर गरोदर बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. ती तिथे गेली तेव्हा २७ आठवडे ४ दिवस झाले होते. रक्तदाब ११८/७६, साखर ठीक, बाळाची वाढ वेळेनुसार. प्रवासाच्या दृष्टीने कागदावरच्या तीन नोंदी मात्र महत्त्वाच्या ठरल्या.

पहिली, वीसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार (गर्भाशयाला चिकटून नाळेतून बाळाला पोसणारा अवयव, प्लॅसेंटा) खाली होती. वारेची कड गर्भाशयाच्या तोंडापासून १.४ सेंटिमीटरवर. २ सेंटिमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर वार खाली आहे असं धरतात. गर्भाशय वाढत जातं तशी बहुतेकींची वार वर सरकते, पण सरकली की नाही हे पुन्हा सोनोग्राफी केल्याशिवाय कळत नाही. तोंडावरच वार बसलेली असेल तर अचानक, न दुखता, धो धो रक्तस्राव होऊ शकतो. अशा बाईने रक्तपेढी असलेल्या गावाबाहेर लांबचा प्रवास करूच नये. म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी होईपर्यंत तिकीट काढू दिलं नाही. २० मेला ती झाली, अंतर ३.६ सेंटिमीटर. प्रवासाला हरकत उरली नाही. उलट निघालं असतं तर पिंपरीतच राहून बाळंतपण करावं लागलं असतं, आणि माहेरच्या माणसांनी तिकडे जायला हवं होतं. ही शक्यता घरच्यांना आधीच सांगून ठेवली होती, हे फार बरं केलं.

दुसरी, हिमोग्लोबिन ९.२. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ ते ९.९ मध्यम; ७ च्या खाली गंभीर. ९.२ वर प्रवास करता येतो, पण बाळंतपणात थोडं रक्त जास्त गेलं तरी अंगात शिल्लक राहत नाही. लोहाची रोजची एक गोळी होती, ती दोन केल्या. प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. विचारल्यावर कळलं की ती गोळी सकाळच्या चहाबरोबर घेत होती आणि कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. लोह लिंबूपाण्याबरोबर, जेवणानंतर दोन तासांनी, कॅल्शियम जेवणाबरोबर, आणि चहा दोन्हींपासून लांब, असं वेळापत्रक लावून दिलं.

तिसरी नोंद रक्तगटाची, बी निगेटिव्ह. नवरा पॉझिटिव्ह. बाळाचं रक्त पॉझिटिव्ह असलं आणि त्याचा अंश आईच्या रक्तात मिसळला, तर आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिल्या बाळाला सहसा त्रास होत नाही, पुढच्याला होतो. तशी प्रतिपिंडं आधीच तयार नाहीत ना, याची रक्ततपासणी करून १२ मेला, बरोबर २८ आठवडे पूर्ण झाल्यावर, ती पुढे तयार होऊ नयेत म्हणून अँटी-डी इंजेक्शन दिलं, ३०० मायक्रोग्रॅम. त्याची तारीख आणि मात्रा कार्डावर ठळक लिहून घेतली. हे पुढे कामाला आलं.

कधी निघायचं

१४ ते २८ आठवडे हा प्रवासाला सगळ्यांत सोयीचा काळ. ओकाऱ्या थांबलेल्या असतात, पोट फार मोठं नसतं, अकाली कळांचा धोका कमी असतो. बाळंतपणासाठी माहेरी जाणाऱ्या बाईला मात्र इतक्या लवकर जाणं जमत नाही. मग २८ ते ३२ ही दुसरी पसंती. ३६ नंतर सहा-आठ तासांचा प्रवास म्हणजे वाटेत कळा सुरू होण्याची तयारी ठेवूनच निघणं. बहुतेक विमान कंपन्याही एकच बाळ असेल तर ३६ आठवड्यांनंतर घेत नाहीत, आणि त्याआधी काही आठवडे डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात.

घरच्यांनी ठरवलेला जुलैचा पहिला आठवडा म्हणजे नेमका छत्तिसावा आठवडा पूर्ण होण्याची वेळ. त्यात पाऊस. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि तो सगळा टापू सह्याद्रीच्या माथ्यावर. जून मध्यावर आला की ओढे भरतात, कच्चा रस्ता गाड्या घेत नाही, झाड पडून वीज जाते आणि मोबाईलची रेंजही. त्याहून आत भीमगड अभयारण्याच्या गावांत तर पावसाळ्यात वाहन पोचतच नाही, आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. म्हणून निघण्याची तारीख एक महिन्याहून जास्त अलीकडे ओढली: २७ मे, ३० आठवडे १ दिवस.

सातव्यात आणायचं की नवव्यात, यावर दोन्ही घरांत चर्चा झाली. ओटीभरण पिंपरीतच २५ मेला उरकलं. रीत मोडली नाही, तारीख हलली एवढंच.

कशाने जायचं

रात्रीची स्लीपर बस पहिल्यांदा बाद. वरच्या बर्थवर चढउतार, पट्टा नाही, स्वच्छतागृह नाही, आणि चालक थांबवेल तेव्हाच थांबायचं.

भाड्याच्या गाडीचा फायदा थांबणं आपल्या हातात असण्याचा. पण पुणे ते बेळगाव साधारण ३४० किलोमीटर, सात-आठ तास. सातारा ते कागल दरम्यान रुंदीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळवलेला रस्ता असला तर त्याहून जास्त. रात्रीचा प्रवास आम्ही कुणालाच सुचवत नाही. चालकाची डुलकी ही रस्त्याच्या खड्ड्यापेक्षा कितीतरी घातक. आणि जोतिबाचं दर्शन म्हणजे घाट, पायऱ्या, रांगेत उभं राहणं. नवस फेडायला बाळाला घेऊनही जाता येतं.

ठरली ती रेल्वे. पुणे–हुबळी वंदे भारत दुपारी पुण्याहून निघून रात्री बेळगावला पोचवते, सातारा, सांगली, मिरज थांबत. बसायची गाडी, पण उठून डब्यात चालता येतं, स्वच्छतागृह वीस पावलांवर, आणि अडचण आलीच तर सांगली-मिरजेत मोठे दवाखाने आहेत. रात्रीच्या गाडीने आडवं पडून यायचं असेल तर स्लीपरच्या प्रत्येक डब्यात सहा-सात, थ्री एसीत चार-पाच खालच्या बर्थ ज्येष्ठ नागरिक, ४५ वर्षांवरच्या बायका आणि गरोदर बायका यांच्यासाठी मिळून राखलेल्या असतात. आरक्षणाच्या खिडकीवर डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन जावं. वरची बर्थ मिळाली आणि "कुणीतरी बदलून देईल" या भरवशावर निघाली, असं होऊ देऊ नये.

या प्रकरणात बेळगावपुढचा प्रवास त्याच रात्री करायचा नाही, हेही आधीच ठरलं. बेळगावातच अनगोळला मावशीचं घर होतं. तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नाव नोंदणी, तिसऱ्या दिवशी सकाळी गाव.

गाडीतले सहा तास

पाणी हा सगळ्यांत चुकणारा भाग. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही या भीतीने बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. परिणाम ठरलेला: अंगातलं पाणी कमी झालं की गर्भाशय आवळायला लागतं, पोट कडक होतं, लघवी साठून राहिली की जंतुसंसर्ग होतो आणि तोच अकाली कळांचं कारण ठरतो, रक्त घट्ट होऊन गुठळीचा धोका वाढतो तो वेगळाच. उन्हाळ्यातल्या प्रवासात तर हे तिन्ही एकदम येतात. तिला दोन लिटर पाणी घरून दिलं, दर तासाला एक पेला, आणि दर दीड-दोन तासांनी लघवीला जायचंच, लागो न लागो. क्षारसंजीवनीची दोन पाकिटं बरोबर.

पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका गरोदरपणात एरवीपेक्षा चार-पाच पट. रक्त गोठण्याची क्षमता वाढलेली असते आणि वाढलेलं गर्भाशय ओटीपोटातल्या शिरांवर दाब देतं, म्हणून पायांतलं रक्त वर चढायला वेळ लागतो. चार तासांहून लांबचं एका जागचं बसणं त्यात भर घालतं. उपाय साधा आहे: दर तासाला टाचा टेकवून पंजे वर-खाली वीस वेळा, घोटे दोन्ही बाजूंनी फिरवायचे, दीड तासाने उठून डब्याची एक फेरी. पाय एकमेकांवर टाकून बसायचं नाही. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणं आणि गरमपणा आला, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखलं, तर ते प्रवासाचा शीण म्हणून सोडून द्यायचं नाही.

डबा घरचा: चपाती, सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली दोन अंडी, केळी. कापलेली फळं, उघडी चटणी, सुटं पाणी नको. कमरेमागे छोटी उशी, पायाखाली पिशवी ठेवून गुडघे थोडे वर. नवरा सोबत, आणि सामान त्याच्याकडे. बॅग वरच्या फळीवर टाकायला तिने हात वर करायचा नाही.

फाईल मात्र तिच्या स्वतःच्या पर्समध्ये, सामानाच्या बॅगेत नाही. त्यात माता-बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्ततपासण्या, अँटी-डीची नोंद, आधार, आणि डॉक्टरांनी इंग्रजीत लिहून दिलेला एक पानाचा गोषवारा. हे पान सीमेवर फार उपयोगी. महाराष्ट्रातलं कार्ड मराठीत, कर्नाटकात मिळणारं तायी कार्ड कन्नडमध्ये. रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या डॉक्टरला दोन्हींपैकी एक वाचता येईलच असं नाही. इंग्रजी पान आणि आकडे कुणालाही वाचता येतात.

पुढच्या स्थानकावर उतरायची कारणंही त्याच पानामागे मराठीत लिहिली होती: अंगावरून रक्त जाणं; पाणी जाणं; तासाभरात चार किंवा जास्त वेळा पोट कडक होणं; जोराची डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी; पोटाच्या वरच्या भागात दुखणं; बाळाची हालचाल मंदावणं. रेल्वेत तिकीट तपासनीसाला सांगावं किंवा १३९ वर फोन करावा.

गाडीतला प्रवास विनाअडचण झाला. पावलांना थोडी सूज, दोन्हीकडे सारखी. रात्री उशीवर पाय ठेवून झोपल्यावर सकाळी उतरली.

शेवटचे चाळीस किलोमीटर

२८ मेला बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे लोक ज्याला सिव्हिल म्हणतात तिथे, तिचं नाव नोंदवलं. निगेटिव्ह रक्तगट आणि कमी रक्त या दोन कारणांनी बाळंतपण रक्तपेढी असलेल्या ठिकाणीच व्हायला हवं होतं. २९ मेला सकाळी मामाच्या गाडीने गावाकडे.

निघण्याआधी मावशीच्या मुलाने एक काम केलं: मागच्या सीटचे पट्टे सीटकव्हरखाली दडपलेले होते, ते बाहेर काढले. घरच्या आणि भाड्याच्या बहुतेक गाड्यांत ते तसेच गाडलेले असतात. पट्टा लावायची रीत अशी. कमरेचा भाग पोटाच्या खाली, मांड्या जिथे सुरू होतात तिथे हाडांवर टेकलेला. खांद्याचा भाग दोन स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने. पोटावरून आडवा पट्टा कधीच नाही, आणि खांद्याचा पट्टा काखेखालून काढून नुसता कमरेचा ठेवणंही नाही. साडी असेल तर निऱ्यांची गाठ पट्ट्याखाली येऊ देऊ नये. पुढे बसायचं झालं तर सीट शक्य तितकी मागे सरकवावी.

किणयेच्या पुढे, साधारण साडेदहाला, वळणावर म्हैस आडवी आली आणि मामाने जोरात ब्रेक मारला. पट्ट्याने तिला धरून ठेवलं. कुठे आपटली नाही, रक्त नाही, पाणी नाही. पण पाच मिनिटांत पोट दगडासारखं झालं, सैल झालं, पुन्हा आवळलं.

इथे गाडीत मतभेद झाला. गाव जवळ होतं, ती शुद्धीत होती, "घरी जाऊन आडवी पड, बरं वाटेल" हे स्वाभाविक बोलणं. तिने फाईलमधलं पान काढून दाखवलं आणि गाडी मागे वळली.

ते का बरोबर होतं, हे समजून घ्यायला हवं. जोराच्या धक्क्याने गर्भाशय ताणून पुन्हा मूळ आकाराला येऊ शकतं. त्याला चिकटलेली वार मात्र तितकी लवचीक नसते. दोन्हींमध्ये ताण पडून वारेची कड सुटू शकते. सुरुवातीला रक्त आतच साठतं, बाहेर काही दिसत नाही. फक्त पोट कडक राहतं, दुखतं, बाळ कमी हलतं. हे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही उघड होतं. त्यामुळे २० आठवड्यांनंतर पोटाला मार लागला किंवा असा झटका बसला, तर बाहेरून जखम नसली तरी दवाखान्यात किमान चार तास बाळाच्या ठोक्यांवर आणि कळांवर यंत्राने लक्ष ठेवतात. पुढे गाव जवळ असलं तरी तिथे यंत्रही नव्हतं, रक्तही नव्हतं.

परतीच्या वाटेवर ती डाव्या कुशीला आडवी झाली, पट्टा न काढता जितकं कलता येईल तितकं, आणि दोन पेले पाणी प्यायली. अर्ध्या तासात तीनदा पोट आवळलं, त्याची वेळ नवऱ्याने फोनवर टिपली. सिव्हिलला पोचल्यावर चार तासांहून अधिक निरीक्षण, सोनोग्राफी, रक्त. ठोके चांगले, वार जागेवर, कळा दुपारपर्यंत विरल्या. तिचा रक्तगट निगेटिव्ह असल्याने डॉक्टरांनी अँटी-डीची आणखी एक मात्रा दिली. २८व्या आठवड्यात घेतलेलं इंजेक्शन अशा प्रसंगाला पुरेसं धरत नाहीत, आणि नवीन मात्रा ७२ तासांच्या आत लागते. कार्डावर आधीच्या इंजेक्शनची तारीख ठळक होती म्हणून हा निर्णय लगेच झाला. रात्र दवाखान्यात काढून, दोन दिवस मावशीकडे थांबून १ जूनला ती गावी गेली.

गावात, आणि पुन्हा बाहेर

गावच्या आशाताईंनी उपकेंद्रात नोंद करून तायी कार्ड मिळवून दिलं. कन्नड वाचता येत नसल्याने रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि पुढची तारीख सिस्टरकडून मोठ्या आकड्यांत लिहून घेतली.

दवाखान्याच्या फेरीसाठी लाल बस होती. शक्ती योजनेत कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना साध्या बसमधून ११ जून २०२३ पासून मोफत प्रवास आहे, पण तिच्या आधारवर पिंपरीचा पत्ता झालेला, त्यामुळे तिकीट काढावं लागलं. पैशापेक्षा गर्दीचा विचार जास्त महत्त्वाचा: सकाळच्या बसला उभं राहायलाही जागा नसते. अशा वेळी बस जिथून सुटते तिथून बसावं, पुढच्या भागात, मागच्या चाकावरची सीट टाळावी, आणि जागा नसेल तर ती बस सोडावी. टमटमच्या कडेला बसणं नको. भावाच्या दुचाकीवर साडीत एका बाजूला पाय टाकून तर नकोच. पोट वाढल्यावर शरीराचा तोल बदललेला असतो आणि पदर चाकात जायला क्षण पुरतो.

१०८ दोन्ही राज्यांत चालतो आणि मोफत आहे. मात्र सीमेच्या गावांत मोबाईल शेजारच्या राज्याच्या टॉवरला लागू शकतो. म्हणून फोन उचलताच पहिलं वाक्य राज्य, जिल्हा, तालुका, गाव. मग त्रास काय तो. ओढ्याच्या अलीकडे गाडी कुठे उभी राहील, ती जागाही आधी ठरवून ठेवावी. जिथे रेंज येते ती जागा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवी.

गोळ्या नीट घेऊनही ९ जूनला हिमोग्लोबिन ९.५ वरच. सिव्हिलला शिरेतून लोह दिलं. २३ जूनला ३४ आठवडे पूर्ण झाले आणि त्याच दिवशी ती अनगोळला मावशीकडे राहायला आली. सर्वसाधारण सल्ला ३६व्या आठवड्यात हलण्याचा असतो. पावसाळ्यात या टापूतून दोन आठवडे आधी निघावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. आईला वाईट वाटलं. लेक माहेरी येऊनही माहेरी राहिली नाही. मग आईच अनगोळला येऊन राहिली.

२७ जुलैच्या रात्री कळा सुरू झाल्या. ओढा त्या आठवड्यात दोनदा भरून वाहिला होता. अनगोळहून रिक्षाने सिव्हिल गाठायला पंधरा मिनिटं लागली. हिमोग्लोबिन १०.८. सकाळी मुलगी झाली, २.८ किलो, रक्तगट बी पॉझिटिव्ह. आईला ७२ तासांच्या आत पुन्हा अँटी-डी. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधं, रक्त आणि घरी सोडणारं वाहन जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत असतं. कर्नाटकात या घरपोच गाडीला नगु-मगु म्हणतात. जन्माची नोंद जिथे बाळ जन्मलं तिथेच होते, २१ दिवसांच्या आत. पुण्याला परतण्याआधी दाखल्यावरचं आई-वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आधारशी पडताळून घ्यावं, कारण दुरुस्तीसाठी पुन्हा बेळगावलाच यावं लागतं.

परतीचा प्रवास सव्वा महिना सरल्यावर ठेवला, तोही आधी सहा आठवड्यांच्या लसी देऊन: पेंटाव्हॅलेंट, पोलिओ, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल. गुठळीचा धोका बाळंतपणानंतर लगेच संपत नाही, उलट पहिल्या सहा आठवड्यांत तो सगळ्यांत जास्त असतो. म्हणून बाळंतिणीनेही गाडीत पंजे हलवणं, पाणी पिणं आणि डब्यात फेरी मारणं तसंच चालू ठेवावं. बाळाचं लसीकरण कार्ड पर्समध्ये, आणि पुढची तारीख पिंपरीच्या दवाखान्यात आधीच कळवलेली.